विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’चा फटका टेलच्या शेतकऱ्यालाच का?

पीक पाहणी, पैशांचे व्यवहार, हवामानाचा सल्ला असे सारे काही मोबाइलवर आले. मात्र अ‍ॅप ‘सरासरीने’ चांगले चालणे वेगळे आणि शेवटच्या माणसाच्या हातात चालणे वेगळे. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी हे अंतर कसे कमी केले? बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यांसाठी त्यातून काय घेता येईल?

कालव्याचा आणि अ‍ॅपचा संबंध काय?

नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, याचा आकडा लगेच जाहीर होतो. परंतु इंदापूर तालुक्यातील शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याला त्या आकड्याशी फारसे देणेघेणे नसते. आपल्या फाट्याला पाणी कधी आणि किती दाबाने येणार, एवढेच त्याला कळायला हवे असते. वरच्या गावांचे भिजून झाल्यावर उरलेले पाणी खाली येते, हा अनुभव जुना आहे. त्यामुळेच ‘टेल टू हेड’ पाणी द्या, अशी मागणी वारंवार होते.

मोबाइल अ‍ॅपचेही असेच आहे. सर्व्हर चालू आहे की बंद, हा झाला धरणावरचा आकडा. जिरायत पट्ट्यातल्या बांधावर उभ्या असलेल्या, जुना फोन आणि नेटवर्कची एकच काडी असलेल्या शेतकऱ्याची नोंद पूर्ण झाली की नाही, हा टेलचा आकडा. योगायोग असा, की संगणकशास्त्रातही हाच शब्द वापरला जातो. गुगलचे जेफ डीन आणि लुईझ बारोसो या अभियंत्यांनी २०१३ मध्ये ‘द टेल अ‍ॅट स्केल’ हा शोधनिबंध लिहिला. एकूण विनंत्यांपैकी सर्वांत उशिरा पूर्ण होणाऱ्या थोड्या विनंत्या म्हणजे ‘टेल’. मोठी प्रणाली चांगली की वाईट हे या टेलवरून ठरते, असे त्यांचे म्हणणे होते.

ई-पीक पाहणीत नेमके अडते कुठे?

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. त्यातला नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा. पूर्वी ही नोंद तलाठी करत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ अ‍ॅपद्वारे शेतकऱ्यांनी स्वतःच ती करण्याची पद्धत राज्यभर सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने हे अ‍ॅप तयार झाले. पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती आली, हा बदल निश्चितच चांगला होता.

ही नोंद एका बटणावर होत नाही. अ‍ॅप उतरवून घ्यायचे, मोबाइल क्रमांक द्यायचा, विभाग, जिल्हा, तालुका आणि गाव निवडायचे, खातेदार शोधायचा, सांकेतांक टाकायचा. त्यानंतर गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि लागवडीची तारीख भरायची. मग शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि शेवटी सारी माहिती पाठवायची. छायाचित्र त्याच गटातले आहे का, हे फोनच्या जीपीएसवरून तपासले जाते.

यातील प्रत्येक पायरीवर अडचण येऊ शकते. सांकेतांकाचा संदेश उशिरा येतो. इंटरनेट नसेल तर जुन्या फोनला उपग्रहांवरून जागा शोधायला काही मिनिटे लागतात. छायाचित्र अर्धे गेल्यावर नेटवर्क तुटते. शेतकऱ्याला मात्र पडद्यावर फिरणारे चक्र तेवढे दिसते. अडचण फोनमध्ये आहे, टॉवरमध्ये आहे की सर्व्हरमध्ये, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. गावात या सगळ्याला एकच नाव आहे, ‘सर्व्हर डाऊन’.

नोंद राहिली तर काय होते? पीकविमा, अतिवृष्टीच्या नुकसानीचे अनुदान, हमीभावाने खरेदी आणि पीककर्ज अशा अनेक ठिकाणी ही नोंद पुरावा म्हणून पाहिली जाते. मे २०२५ च्या अखेरीस बारामती आणि इंदापूर तालुक्यांना पावसाने झोडपले, पिंपळी परिसरात नीरा डावा कालवाच फुटला. अशा वेळी शेतात काय उभे होते, हे सातबारावर नसेल तर शेतकऱ्याच्या तोंडी सांगण्याला फारसे वजन राहत नाही. करमणुकीचे अ‍ॅप अडकले तर पाच मिनिटे वाया जातात. इथे अख्खा हंगाम हातचा जाऊ शकतो.

सरासरीचा आकडा फसवतो कसा?

समजा १०० शेतकऱ्यांनी नोंद पाठवली. त्यातील ९५ जणांची एका सेकंदात गेली आणि पाच जणांना पूर्ण एक मिनिट लागले. सरासरी काढली तर ती चार सेकंदांच्या आत येते. अहवालात हा आकडा उत्तम दिसतो. पण ते पाच जण कोण, हे तो सांगत नाही. बहुतेक वेळा ते विखुरलेले नसतात. एकाच वाडीतले, एकाच टॉवरखालचे, एकाच प्रकारच्या स्वस्त फोनचे वापरकर्ते असतात. म्हणजे ज्याला त्रास होतो, त्याला तो दरवेळी होतो.

पायऱ्यांचे गणित आणखी कठोर आहे. एखाद्या कामाच्या दहा पायऱ्या असतील आणि प्रत्येक पायरी १०० पैकी ९५ वेळा यशस्वी होत असेल, तर प्रत्येक पायरीची जबाबदारी असलेला अभियंता ‘आमचे काम ९५ टक्के चालते’ असे म्हणेल. ते खोटेही नाही. पण दहाही पायऱ्या एका दमात पार पडण्याची शक्यता जेमतेम ६० टक्के उरते. दर दहा शेतकऱ्यांतील चौघांना कुठे ना कुठे पुन्हा सुरुवात करावी लागते. डीन आणि बारोसो यांनी हेच सर्व्हरच्या बाबतीत दाखवले होते. प्रत्येक सर्व्हर १०० पैकी एकदाच रेंगाळत असेल आणि एका उत्तरासाठी असे १०० सर्व्हर लागत असतील, तर ६३ टक्के उत्तरे रेंगाळतात.

म्हणूनच मोठ्या कंपन्या आता सरासरीवर समाधान मानत नाहीत. १०० पैकी ९५ व्या आणि ९९ व्या वापरकर्त्याला किती वेळ लागला, हे त्या पाहतात. फोनचे मॉडेल, प्रदेश आणि नेटवर्कचा प्रकार अशी फोडही करतात.

पुन्हा पुन्हा बटण दाबल्याने काय होते?

साखर कारखान्याच्या परिसरातल्या माणसाला हे समजायला सोपे आहे. कारखान्याची रोजची गाळप क्षमता ठरलेली असते. त्यामुळे शेतकी विभाग लागवडीच्या नोंदीप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम आखतो आणि चिटबॉयमार्फत टोळ्या पाठवतो. सगळ्यांनी एकाच दिवशी ऊस तोडून ट्रॉल्या आणल्या तर गव्हाण वेगाने चालणार नाही. वजनकाट्यापासून रस्त्यापर्यंत रांग लागेल आणि ऊस वाळेल.

सर्व्हरचीही अशीच क्षमता असते. उत्तर यायला उशीर झाला की माणूस पुन्हा बटण दाबतो. अनेक अ‍ॅप तर माणसाने न दाबताही आपोआप पुन्हा विनंती पाठवतात. आधीच दमलेल्या सर्व्हरवर दुप्पट-तिप्पट ओझे येते आणि तो पूर्ण बसतो. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय कोलमडली, त्यामागे असेच कारण होते. काही बँकांकडून व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर आला, असे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या तपासणीत दिसले. त्यानंतर अशा विनंत्या किती वेळा आणि किती अंतराने पाठवायच्या यावर बंधने आली. १ ऑगस्ट २०२५ पासून तर एका अ‍ॅपवरून दिवसभरात खात्यातील शिल्लक ५० वेळाच तपासता येते.

यावर अभियंत्यांकडे तोडगा आहे. पहिली विनंती फसली तर अ‍ॅपने एक सेकंद थांबावे, दुसरी फसली तर दोन, मग चार, मग आठ. शिवाय प्रत्येक फोनने थोडे वेगवेगळे थांबावे, म्हणजे सगळे पुन्हा एकाच क्षणी धडकणार नाहीत. ही तोडणीच्या कार्यक्रमासारखीच शिस्त आहे, फक्त ती अ‍ॅपच्या आत लिहावी लागते. ती लिहिलेली नसेल तर शेवटच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात गर्दी होणार आणि सर्व्हर बसणार, हे भाकीत करायला ज्योतिषी लागत नाही.

मोठ्या कंपन्यांना हे कधी उमगले?

त्यांनाही ठेच लागल्यावरच उमगले. २०१३ मध्ये फेसबुकचे काही उत्पादन व्यवस्थापक आफ्रिकेत गेले आणि तिथल्याच बाजारात मिळणाऱ्या फोनवर त्यांनी स्वतःचे अ‍ॅप चालवून पाहिले. ते सतत बंद पडत होते. महिन्याभराचा डेटा ४० मिनिटांत संपला. कार्यालयातल्या महागड्या फोनवर आणि वेगवान वायफायवर हे कधी दिसलेच नव्हते. त्यानंतर केलेल्या सुधारणांतून अ‍ॅपचा आकार ६५ टक्क्यांनी आणि डेटाचा वापर निम्म्याने कमी झाल्याचे कंपनीने सांगितले. २०१५ मध्ये हलके ‘फेसबुक लाइट’ आले. त्याच वर्षी कंपनीने ‘टू-जी ट्यूजडे’ सुरू केला. मंगळवारी कर्मचाऱ्यांना तासभर अ‍ॅप टू-जीच्या वेगाने वापरण्याचा पर्याय दिला जाऊ लागला. टेलच्या माणसाला काय सोसावे लागते, हे हेडवरच्या माणसाला कळावे, हा त्यामागचा हेतू.

गुगलने तर मोजमापाला शिक्षेची जोड दिली. अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर प्रत्येक अ‍ॅपच्या तब्येतीची नोंद ठेवली जाते. दिवसभरातील वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांपेक्षा अधिक जणांचे अ‍ॅप वापरताना बंद पडत असेल किंवा ०.४७ टक्क्यांपेक्षा अधिक जणांचे गोठत असेल, तर ते अ‍ॅप वाईट ठरते आणि शोधात मागे पडू शकते. बोट लावल्यावर पाच सेकंद प्रतिसाद न येणे म्हणजे गोठणे. विशेष म्हणजे एखाद्या एकाच फोन मॉडेलवर हे प्रमाण आठ टक्क्यांच्या वर गेले, तरी त्या फोनवर अ‍ॅपच्या पानावर इशारा दिसू शकतो. म्हणजे बाकीच्या फोनवर सगळे सुरळीत आहे, ही सबब चालत नाही.

तिसरा धडा नव्या आवृत्तीचा. नवे अ‍ॅप एकाच दिवशी सर्वांना न देता आधी एक टक्का, मग पाच, मग वीस टक्के लोकांना दिले जाते. बिघाड दिसला तर तिथेच थांबवले जाते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, विमानतळांवर रांगा लागल्या. ते मोबाइल अ‍ॅप नव्हते, पण बदल टप्प्याटप्प्याने का द्यायचा, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

अ‍ॅप कधीच बंद पडू नये, हे शक्य आहे का?

नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांवर विश्वासही ठेवू नये. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास एकदमच बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीची विदा केंद्रे जगापासून तुटली. कालवा एका ठिकाणी फुटला की खालची सगळी गावे कोरडी पडतात, तसा हा प्रकार.

त्यामुळे जाणत्या कंपन्या किती बिघाड चालेल, हे आधीच ठरवतात. ९९.९ टक्के वेळ चालू, याचा अर्थ ३० दिवसांत ४३ मिनिटे बंद. ९९ टक्के म्हणजे सात तासांहून अधिक बंद. गुगलमध्ये या मर्यादेला चुकांचा अर्थसंकल्प मानले जाते. तो संपला की नव्या सोयी थांबवून आधी दुरुस्ती करायची. पीक पाहणीसाठी ४५ दिवसांची मुदत असेल, तर ९९ टक्क्यांच्या हिशेबानेही अ‍ॅप जवळपास ११ तास बंद राहू शकते. हे ११ तास पहिल्या आठवड्यातील रात्रींत विखुरले तर कोणाला कळणारही नाही. शेवटच्या दिवशी सकाळपासून सलग आले तर हजारो नोंदी राहतील. टक्का तोच, नुकसान मात्र वेगळे.

बारामतीच्या एआय प्रयोगाला हे लागू आहे का?

आहे, आणि अधिकच. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाशी संबंधित तज्ज्ञांच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला त्याचा जाहीर उल्लेख केला आणि बारामतीचे नाव जगभर गेले. शेतातील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पिकाला पाणी, खत केव्हा द्यायचे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो.

या तंत्राचे मूळ मायक्रोसॉफ्टच्या ‘फार्मबीट्स’ या संशोधन प्रकल्पात आहे. शेतात इंटरनेट नीट नसते, हे तिथे सुरुवातीलाच गृहीत धरले होते. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून माहिती घरापर्यंत आणायची, तिथल्या संगणकावर ती साठवून तिच्यावर प्रक्रिया करायची आणि त्यातला गोषवारा तेवढा पुढे क्लाउडकडे पाठवायचा, अशी ती रचना. जोडणी तुटली तरी शेतावरचे काम थांबू नये, हा त्यामागचा विचार.

हा विचार प्रयोगाच्या प्लॉटवर टिकवणे सोपे असते. तिथे तज्ज्ञ असतात, जोडणी तपासणारे असतात. खरी कसोटी पुढच्या हजारो शेतांत लागते. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. ‘आज पाणी देऊ नका’ हा सल्ला पाळी संपल्यावर पोहोचला तर त्याचा उपयोग नाही. सल्ला कितीही अचूक असला, तरी तो वेळेवर पोहोचण्याची खात्री नसेल तर शेतकरी दोन-तीनदा पाहील आणि पुन्हा आपल्या अंदाजाकडे वळेल. मग कृत्रिम बुद्धिमत्ता किती हुशार आहे, हा प्रश्नच उरत नाही.

सरकारी अ‍ॅपकडून काय अपेक्षित आहे?

पहिली गोष्ट म्हणजे नेटवर्कवाचून काम. भूमापनाची माहिती, गटांची यादी आणि पिकांची नावे गावात वायफायवर असतानाच फोनमध्ये उतरवता यावीत. शेतात फक्त जीपीएस आणि कॅमेरा लागावा. नोंद फोनमध्येच वेळेसह पक्की व्हावी आणि नेटवर्क मिळेल तेव्हा आपोआप जावी. नोंद केल्याची वेळ ग्राह्य धरावी, पोहोचल्याची नव्हे.

दुसरी म्हणजे छायाचित्राचे वजन. चार एमबीचे छायाचित्र सेकंदाला २०० किलोबिट वेगाने पाठवायला १६० सेकंद लागतात. तेच फोनमध्ये आकुंचन करून २०० केबीचे केले तर आठ सेकंदांत जाते. मध्येच तुटले तर जिथे थांबले तिथून पुढे सुरू व्हावे, पुन्हा पहिल्यापासून नव्हे.

तिसरी म्हणजे टेलचा आकडा जाहीर करणे. किती नोंदी झाल्या, हे सरकार सांगते. किती जणांनी सुरुवात केली आणि किती जण अर्ध्यावर अडले, हे तालुकानिहाय, गावनिहाय सांगायला हवे. एखाद्या गावात अडलेल्यांचे प्रमाण एकाएकी वाढले तर शेतकऱ्यांनी निवेदन देण्याची वाट पाहण्याची गरज नाही. फोनवरून येणारी माहितीच ते सांगते.

चौथी गोष्ट मुदतीची. आज अडचणी आल्या की मागणी होते, निवेदने दिली जातात आणि मग मुदतवाढ मिळते. त्याऐवजी अ‍ॅप जितके तास बंद, तितकी मुदत आपोआप वाढली पाहिजे. आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्याचा फोन साथ देत नाही, त्याच्यासाठी माणूस हवा. गावोगावी पीक पाहणी सहायक नेमण्याचा निर्णय त्या दिशेने योग्य आहे. मात्र सहायकाच्या हातातही तेच अ‍ॅप असते. ते चालले नाही तर सहायक आणि शेतकरी दोघेही बांधावर थांबतील.

खासगी कंपनीचे अ‍ॅप चालले नाही तर ग्राहक दुसरे अ‍ॅप घेतो. त्या भीतीनेच कंपन्या टेलकडे पाहू लागल्या. सातबाराला दुसरे दुकान नाही. त्यामुळे सरकारी अ‍ॅपचा दर्जा कंपन्यांच्या तोडीचा असून भागणार नाही, तो त्यांच्यापेक्षा कडक असायला हवा.

तोपर्यंत शेतकऱ्यांनी काय करावे?

शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. अ‍ॅपची नवी आवृत्ती घरीच, चांगल्या नेटवर्कवर घ्यावी आणि फोनमध्ये पुरेशी जागा मोकळी ठेवावी. शेतात गेल्यावर आधी लोकेशन सुरू करून मोकळ्या जागी दोन-तीन मिनिटे थांबावे, मग छायाचित्र काढावे. चक्र फिरत असेल तर बटण सतत दाबू नये. सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा पाठवून पाहावे. त्रुटीचा संदेश आल्यास तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट जपून ठेवावा. नोंद गेल्यावर ती सातबारावर दिसते का, हे काही दिवसांनी तपासावे. काहीच जमले नाही तर मुदत संपण्याआधी ग्राम महसूल अधिकारी किंवा सहायकाकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. आपण वेळेत प्रयत्न केला होता, हे पुढे दाखवायला हा कागद उपयोगी पडू शकतो.